बटाट्याचं मूळ गाव

अख्ख्या हैदराबादेत भाजीला तिचं मूळ गाव विचारणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे नल्लकुंट्याचे आमचे मामा. सिकंदराबादला रेल्वेच्या मालधक्क्यावर त्यांचा जन्म गेला. प्रत्येक पोतं कुठून आलं हे विचारायची खोड निवृत्तीनंतर भाज्यांवर उतरली. कोठी भागातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत धूळ खाऊन त्यांनी यच्चयावत भाज्यांच्या कुंडल्या जमवल्या होत्या. मंडईत टमाट्यांसमोर उभे राहून ते विचारत, "ये कां का है?" भाजीवाला म्हणे, "चेवेळ्ळा का है साब." "वो नक्को. इसके दादा-परदादा कां के?" तो कपाळाला हात लावून म्हणे, "मेरे कू मेरे परदादा का मालूम नै साब, टमाटे का कां से बोलूं?" मागे खोळंबलेल्या बायका मग दुसऱ्या गाडीकडे वळत.

मामींचा बटाट्यावर भारी जीव. एकादशीच्या खिचडीत त्या बटाटा, मिरची, दाण्याचं कूट सढळ हातानं घालत आणि मामा ती चाटूनपुसून खाता खाता सुनावत, "यातलं काहीही आपलं नाही. सगळं पोर्तुगीजांच्या जहाजातून उतरलेलं. अस्सल आपलं जेवण आता एकच उरलंय, श्राद्धाचं. तिथे बटाट्याला थारा नाही." मामी शांतपणे म्हणत, "ते मेल्यावर जेवीन. आत्ता दही घ्या."

मामी गेल्या. वर्षश्राद्धाच्या दिवशी मामा एकटेच मंडईत गेले आणि कोणाला काही न विचारता पाव किलो बटाटे घेऊन आले. कारली, गवार, लाल भोपळा असं रीतीप्रमाणे सगळं शिजलं होतं. शेजारी बटाट्याच्या काचऱ्या बघून गुरुजी थबकले.

"अहो, हा परदेशी. श्राद्धाला चालत नाही. तुम्हीच तर सगळ्यांना सांगत होतात."

"गुरुजी, हा लाल भोपळा तुम्ही दरवर्षी चालवून घेता. तोही त्याच जहाजातला. मी आजवर मुद्दाम बोललो नाही." मामांनी काचऱ्यांचं भांडं पुढे केलं. "तिनं वर्षभर बटाटा खाल्लेला नाही हो."

गुरुजींनी भोपळ्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि म्हणाले, "वाढा."

हल्ली एकादशीची खिचडी मामा स्वतःच करतात आणि गपचूप खातात. ते भाषण नसलं की मला उपास केल्यासारखं वाटत नाही. परवा मीच डिवचलं, "मामा, बटाटा मूळचा कुठला हो?"

"असेल कुठलाही," ते म्हणाले. "तुझ्या मामीच्या हातचा नाही, एवढं खरं."

आणि त्यांनी दह्याची वाटी माझ्याकडे सरकवली.