आमचे साडू आणि आयते झोन

रायपूर राजधानी झालं तेव्हा शहरात पुष्कळ गोष्टी नव्याने आल्या, पण संताप म्हणून जो काही लागतो, तो सगळा माझ्या साडूंकडे आधीपासूनच होता. रस्ता खोदला म्हणून ते चिडत आणि बुजवला म्हणूनही चिडत. चहा गार आला तर चहावाल्याला सोडून त्याला परवाना देणाऱ्यावर घसरत. अशा माणसाच्या हाती नव्या सरकारच्या एका खात्याने सर्व्हर दिला. नाव सांगितलं की नंबर सांगणारं यंत्र. साडूंनी आत डोकावून पाहिलं, तर काही झोन, म्हणजे नावा-नंबरांच्या याद्या, आधीच मांडी ठोकून बसलेले. "मी नाही बनवले, साहेबानं नाही बनवले, मंग हे इथं काहून?" असं म्हणत त्यांनी ते अतिक्रमण हटवावं तसे पहिल्याच दिवशी उडवले.

दुसऱ्या दिवशी खातं ठप्प. ते आयते झोन म्हणजे यंत्राला स्वतःची असलेली ओळख. ती गेल्यावर "मी कोण" एवढं विचारायलासुद्धा प्रश्न बारीकशा टेलिफोन लाइनवरून सातासमुद्रापार निघाले आणि तिकडेच ताटकळले. साडूंनी आधी टेलिफोनवाल्यांना झापलं, मग यंत्र विकणाऱ्या कंपनीला, आणि संध्याकाळी गुपचूप झोन परत घातले. दुसरा कोणी वरमला असता. हे उलट तत्त्वज्ञ झाले. ज्याचं उत्तर घरात आहे तो सवाल बाहेर जाताच कामा नये, हे त्यांनी आम्हा सगळ्यांना बजावायला सुरुवात केली. मेहुणी चतुर्थी कधी हे शेजारणीला विचारून आली, तर तिला कॅलेंडरपुढे उभं करून अर्धा तास व्याख्यान. गुढियारीच्या एका लग्नात नवरदेवाचा मामा पाणी कुठे ठेवलंय हे फोनवर विचारत होता. साडूंनी त्याचा फोन काढून घेतला आणि दंडाला धरून त्याला माठापाशी नेलं. वऱ्हाडी मंडळी आठ दिवस रुसली होती.

आणि याच गृहस्थाने मला अभनपूरहून, ऐन कामाच्या दिवशी, बसने बोलावून घेतलं. पुरानी बस्तीतलं भाड्याचं घर सोडून त्यांना फ्लॅटमध्ये जायचं होतं. खोल्या दोन. सोबत रेल्वेतून रिटायर झालेले, लग्न न केलेले त्यांचे काका. काकांनी कुठे राहावं? साडूंनी नागपूरच्या पुतण्याला विचारलं होतं, भिलाईच्या बहिणीला विचारलं होतं, ऑफिसातल्या भैयालासुद्धा विचारलं होतं, आणि प्रत्येकाच्या उत्तरावर संतापले होते. आता माझी पाळी. मेहुणी हळूच म्हणाली की काका तसे दिवसभर नुसते बसूनच असतात. त्यावर साडू कडाडले, नुसतं बसलेल्याला हटवलं की काय होतं ते मी भोगून बसलोय. मग माझ्याकडे वळून, "सांगा साडूभाऊ, काकाचं काय करू?"

माझं डोकं फिरलं. भाडं खर्चून, रजा टाकून मी आलो होतो, आणि ज्यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं ते पडद्यापलीकडे, बाहेरच्या खोलीत खुर्चीवर होते. मी पडदा बाजूला सारला आणि म्हणालो, "त्यांना विचारलंत का?"

साडू उठून बाहेर गेले, खुर्चीशेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "काका, आमच्यासंग येता काय?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "येतो ना रे पोट्ट्या. महिना झाला, तू इचारशील म्हणून वाट पाहून राहिलो."

काका फ्लॅटमध्ये आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. ते गेल्यापासून साडू फारसे चिडत नाहीत. चहा गार आला तरी पिऊन टाकतात, आणि मला ते बघवत नाही.