कन्सेंटपर्यंतचे शब्द

काल माळा आवरताना बाबांचा रबरबँड लावलेला इंग्रजी शब्दकोश हाताला लागला आणि वारज्यातल्या त्या हॉस्पिटलचा फिनेलचा वास पुन्हा नाकात शिरला. नातवाशी इंग्रजीत बोलायचं म्हणून बाबा सारख्या अक्षरांनी सुरू होणारे शब्द पाढ्यासारखे घोकायचे, त्यामुळे मधलाच एखादा विचारला की त्यांची गाडी पहिल्यापासून सुरू व्हायची. त्या सकाळी आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. ती हिरवा गाऊन घालून व्हीलचेअरवर बसलेली, नर्स दारात खोळंबलेली आणि बाबा फॉर्मच्या मथळ्यावर बोट ठेवून थांबलेले. "बाबा, कन्सेंट फॉर्म आहे तो, करा सही," मी म्हणाले. "थांब, पाठ हाय मला. कन्सील म्हंजे लपवणे, कन्सीड म्हंजे मान्य करणे, कन्सर्न म्हंजे काळजी..." माझं डोकंच फिरलं. "बाबा, पुरे करा! इथे काय परीक्षा चाललीय?" मी ओरडले, पण ते शांतपणे एकेक शब्द उरकत "कन्सेंट म्हंजे संमती" इथवर पोचले, पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. "मग हिला इचारलं का कुणी?" नर्सने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर, तारीख, खोली, सगळं मीच ठरवलं होतं. आई म्हणाली, "लग्नाच्या वेळीसुद्धा कुणी विचारलं नव्हतं मला. करा सही." हल्ली साध्या रक्ततपासणीलाही मी तिला आधी विचारते, तर तीच वैतागते, "किती विचारशील गं!"