बोनेटवरच्या रेघा, सरळ की गोल

आणि तो फोटो अजून तिथेच आहे!

माणूस जाऊन आज आठवा दिवस. ज्या ग्रुपमध्ये लोकांनी हात जोडले, फुलं टाकली, त्याच ग्रुपमध्ये थोडं वर सरकवलं की शेठच्या काळ्या गाडीचा फोटो. खाली लिहिलंय, "भिकन पेंटरकडे गाडी देऊ नका. बोनेटची वाट लावली."

शेठ, तुमचं नाव मी इथे घेत नाही. तुम्ही माझ्या भावाचं घेतलं होतं.

मी आशा. भिकनभाऊची धाकटी बहीण. तिसरी शिकलेली. मोबाईलमध्ये बोलून लिहितेय, चुकलं तर चुकलं.

नंदुरबारला रोडवर भाऊचं पत्र्याचं शेड. गाडीला ओरखडा पडला की लोक तिथे यायचे. अकरा वर्षं मी त्याच्या बाजूला बसून गाड्या घासल्या.

भाऊ गाडी डोळ्याने बघायचाच नाही. आधी ओरखड्यावर नख फिरवायचा.

"अडकनं ते रंग. नही अडकनं ते पॉलिश."

गिऱ्हाईक म्हणायचं, पूर्ण दरवाजा रंगवून टाक. हा म्हणायचा, नख अडकत नाही, कशाला कंपनीचा रंग घालवतो? आलेलं काम परत पाठवायचा. माझं डोकं फिरायचं.

"भाऊ, तू दुकान चालावस का धरमशाळा?"

"तू घस व माय. सरळ घस. गोल नको."

घासायचा पाण्याचा पेपर, तो खरखरीत कागद, गोल फिरला की ओरडायचा. एकाच दिशेने, सरळ. अकरा वर्षांत माझा हात गोल फिरला नाही. हे लक्षात ठेवा.

शेठची गाडी आली तेव्हा बोनेटवर मांजरीच्या नखांचे ओरखडे होते. भाऊचं नख अडकलं नाही. पेपर मी मारला, कंपाऊंडची पेस्ट आणि पॉलिश त्याने केलं. गाडी गेली तेव्हा बोनेटमध्ये तोंड दिसत होतं.

दहा दिवसांनी शेठ परत. सगळ्या बोनेटवर रेघा म्हणे.

मी बघायला उठले. भाऊ मध्ये आला.

"आशा, चहा लई ये."

मी गेले. चहा घेऊन आले तर भाऊ हात जोडून उभा.

"चूक मन्ही शे, शेठ. परत करी देसू."

"आता हात नाही लावायचा," शेठ म्हणाला, आणि गेला. गाडी सावलीत होती. मला रेघा दिसल्याच नाहीत.

संध्याकाळी ग्रुपवर फोटो.

भाऊला मी किती बोलले! तोंडाला येईल ते. "तोंड नही का तुले? काबरं गप बसना?"

"जाऊ दे व. व्हई जास कधी कधी."

मग काम तुटलं. भाऊ स्टुलावर बसून रस्त्याकडे बघत राहायचा. शेठमुळे गेला असं मी म्हणत नाही. बीपी त्याचा जुना, गोळ्या खायचा नाही. जे नाही ते नाही.

पण भाऊ गेल्यावर तिसऱ्या दिवशी वहिनी माझ्याजवळ येऊन बसली.

"आशा, त्यासले वाटे तुन्हा हातथून चुकीना पेपर फिरना. माले म्हणेत, आशाले कळू देऊ नको."

त्या दिवसापासून मी माझीच बोटं तपासतेय.

कारण गाडी घासली त्या सकाळी मी मिरचीचे देठ खुडून आले होते. सीझनला जातेच. बोटांची नुसती आग. पेपरचे आम्ही चार तुकडे करतो, जाडा का बारीक तो छापील नंबर एकाच तुकड्यामागे राहतो. बाकीचे मी बोटाने ओळखते. त्या दिवशी बोटाला काही कळत नव्हतं. जाडा फिरला का बारीक, मी शपथ घेऊन सांगू शकत नाही. जाड्या पेपरची रेघ पॉलिशखाली दबून राहते, दोन धुण्यात वर येते. हे पण मला माहीत आहे.

पण शेठ, तुमची गाडी कुठे उभी राहते तेही मी बघितलंय. तुमच्या पथारीला लागून, जिथे मिरच्या वाळतात. बोनेटवर बी बसतं, माती बसते, आणि तुमचा ड्रायव्हर कोरड्या रुमालाने खसाखसा पुसतो. थेंबभर पाणी न मारता. कोरडं फडकं फिरतं गोल.

रेघ सरळ असेल तर माझी. गोल असेल तर तुमची.

तुमचा फोटो किती मोठा करून बघितला. नुसतं पांढुरकं दिसतं. गाडी उन्हात पाहिजे. एका मिनिटाचं काम.

पाच मेसेज टाकले. वाचले, उत्तर नाही. काल तुमचा ड्रायव्हर भेटला.

"मावशी, गाडी शनिवारी सुरतले जाई ऱ्हायनी, पॉलिशले."

मशीन फिरलं की सरळ पण गेल्या, गोल पण गेल्या. मग भाऊने खोटंच माझं पाप डोक्यावर घेतलं का खरंच घेतलं, मला मरेपर्यंत कळणार नाही.

परवा शुक्रवारी भाऊची गंधमुक्ती, दहाव्याचा विधी. सकाळी दहाच्या आत गाडी शेडसमोर उन्हात लावा. मी हात लावणार नाही. तुम्ही बघा, ड्रायव्हरला बघू द्या, आलेल्या पाहुण्यांना बघू द्या.

सरळ निघाल्या तर त्याच ग्रुपमध्ये मी माझ्या नावाने टाकीन, बोनेट आशाने खराब केलं. गोल निघाल्या तर तुम्ही टाका. कशाही निघाल्या तरी भिकन पेंटरचं नाव त्या फोटोखालून निघालं पाहिजे.

भाऊ, तू मला चहाला पाठवलं आणि मी गेले. आता नाही जाणार.

श्रद्धांजली मी अजून वाहिलेली नाही. ती शुक्रवारी, बोनेट बघून.

शेठ, सकाळी दहा. येताय की नाही, तेवढं सांगा.