तारेच्या टोकाची टोपी
झेंडूचा वास आला की माझं डोकं अजूनही फिरतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस धरमपेठेतल्या एका कॉम्प्युटर क्लासची प्रॅक्टिकल परीक्षा नेमकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आली. चपला दाराबाहेर काढून आम्ही त्या गारेगार खोलीत शिरलो, तर प्रत्येक मशीनवर हळदकुंकू आणि झेंडूचे हार. सगळी मशीनं एकाच लांब तारेवर जोडलेली. माझ्या मशीनवरून परीक्षकांसमोरच्या मशीनवर 'नमस्कार सर' एवढाच निरोप पाठवायचा होता. पुन्हा पुन्हा पाठवला, पण जाईचना. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "तारेच्या दोन्ही टोकांना काय लागतं?" मी घडाघडा सांगितलं, "टर्मिनेटर नावाची छोटी टोपी. नसली तर सिग्नल उलटा फिरतो आणि सगळी मशीनं मुकी होतात." "बरोबर. मग ती कुठे आहे?" मी वाकून पाहिलं. टोक उघडं होतं आणि वर कुंकवाचं बोट लावलेलं. आमचे सर कसनुसं हसले. "तिच्यापुढं काही जोडलंच नव्हतं गा, म्हणून पूजेच्या वेळी काढून ठेवली. कुठं ठेवली, आठवून नाही राहिलं." परीक्षक म्हणाले, "उत्तर बरोबर, पण निरोप आला नाही," आणि मला नापास करून गाडी गाठायला निघून गेले. मग टोपी सापडली, पूजेच्या ताटात, सुपारीशेजारी. मी ती लावली, निरोप पाठवला. रिकाम्या खुर्चीपुढच्या पडद्यावर लगेच उमटलं, 'नमस्कार सर'. काल नातीनं वायफायच्या डब्याला हार घातला, तर मी ओरडलोच, "त्याचं काही काढू नको वं!" घरचे सगळे हसले. हसा लेकहो, तुमचा निरोप कधी अडला नाही.