वाडीकडे तोंड केलेला कर्णा

आमचे हे देहूरोडला डेपोत कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी लग्नांना लाउडस्पीकर लावायचे. कर्णा झाडावर चढवणं त्यांचं, आवाज वाढवणाऱ्या सेटपाशी बसणं माझं. सेट जरा गुरगुरला की हे घाबरून बटण बंद करायचे. मी पोरं वाढवलेली बाई. कुरकुर कुठली आणि खरं दुखणं कुठलं, ते मला आवाजावरून कळायचं.

एकदा मावळातल्या एका गावी लग्न होतं. गावात वीज नव्हती, म्हणून सेट मोटारीच्या बॅटरीवर लावला होता. हळदीनं पिवळी झालेली नवरी हळूच माझ्याजवळ येऊन बसली.

"मावशी, माजी ताई वर वाडीत दिलीय. परवाच बाळंत झाली, तिला येता येत न्हाई. मंगलाष्टका तिला ऐकू गेल्या पायजेत."

वाडी समोरच्या डोंगरावर होती. मी ह्यांना कर्ण्याचं तोंड तिकडे फिरवायला लावलं.

वऱ्हाडाला मात्र गाणी हवी होती. एकामागून एक रेकॉर्डी लागल्या आणि सेटवरचा लाल दिवा मिणमिणायला लागला. बॅटरी उतरत चालली होती, आणि हे दुखणं खरं होतं. मी रेकॉर्ड काढून ठेवली. नवरदेवाचा मामा तणतणत आला.

"वाजतंय की चांगलं. बंद का केलं?"

"आत्ता वाजवलं तर मंगलाष्टकांना सेट मुका बसेल," मी म्हटलं. मामा फुगून बसला. म्हटलं, बसू दे.

अंतरपाट धरला, भटजींनी सूर लावला आणि माईक कर्कश शिट्टी मारायला लागला. ह्यांचा हात बटणाकडे गेला, तो मी घट्ट धरला. ही नुसती कुरकुर होती. कर्ण्यातला आवाज फिरून माईकात शिरत होता. मी आवाज किंचित उतरवला आणि भटजींना माईक अगदी ओठांशी धरायला सांगितला. शिट्टी थांबली. दिवा शेवटच्या 'सावधान'पर्यंत तग धरून राहिला.

अक्षता पडल्या. वाजंत्री सुरू होणार तोच नवरीनं हात वर केला. सगळे गप्प झाले. डोंगरावरून थाळीचा आवाज येत होता. वर कुणीतरी ती जीव खाऊन बडवत होतं.

"ताईपातुर पोचलं," नवरी म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. माझेही डोळे भरून आले, इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नसेल.

नवरदेव हार उचलून ताटकळत उभा होता. त्याचा तो मामाच पुढे झाला आणि म्हणाला, "थांब जरा. ऐकू दे तिला."