घरचाच मेंढा

नातीची सुपारी फुटायची त्या सकाळी आमची एक मेंढी व्याली आणि कोकराला डोळेच नव्हते. पापण्या होत्या, पापणीवर लव होती, पण बोटानं ती वर केली की आत नुसतं गुलाबी मांस. त्या मोसमातलं हे दुसरं. बाहेर ओट्यावर सतरंजी अंथरलेली, आणि माझी लेक, जावई आणि त्यांचा मुलगा जीपमधून उतरून राहिले होते. लेकीचा मुलगा अन् माझ्या मुलाची मुलगी, अशी ही सोयरीक. आमच्यात हे काही नवं न्हाई, मामाच्या पोरीवर हक्कच धरतात. मी स्वतः आत्याच्या घरात दिलेली, आणि माझ्या सासू-सासऱ्यांचंही नातं असंच.

माझ्या मुलाला एका गोष्टीचा भारी तोरा, त्याच्या कळपात बाहेरचा मेंढा कधी येत न्हाई. घरचाच मेंढा वाढवायचा, तोच फिरवायचा. अंगानं दांडगा, लोकर दाट, लोक बघायला येतात. पहिलं आंधळं कोकरू झालं तेव्हा सेनगावहून जनावरांचे डॉक्टर आले होते. ते म्हणाले, "बाबा, हा मेंढा स्वतःच्याच लेकींवर अन् नातींवर फिरतोय. ह्याच्यात डोळ्याचा बिघाड लपून असंल. एकाच बाजूनं आला तर झाकून राहतो. आईकडूनही तोच आला की पिल्लू आंधळं." मुलगा त्यांच्यासमोर मान हलवून राहिला आणि नंतर म्हणाला, ग्रहणात व्याली असंल.

ग्रहणाचं हे मी आधीही ऐकलेलं. माझा धाकटा दीर जन्मापासून आंधळा होता. त्याच्याही पापण्या मिटलेल्या आणि आत काहीच न्हाई. सासूनं गरोदरपणी ग्रहण बघितलं, असं सगळं घर म्हणायचं, आणि ती बिचारी जन्मभर खाली मान घालून ऐकायची. डॉक्टरचं बोलणं ऐकलं आणि मला माझी सासू डोळ्यापुढं दिसायला लागली.

मी शाळेत गेले न्हाई. लेकरांच्या पुस्तकावरून अक्षरं गिरवली, आता नातीची पुस्तकं वाचते. अडलं की ती सांगते. डोळ्याचा धडा तिनंच समजावला. डोळा घडवायला हुकूम देणारं एक जनुक असतं, माशीत, माशात, मेंढीत, माणसात जवळजवळ तेच. लई लई मागं या सगळ्यांचा मूळपुरुष एकच, त्याच्या अंगावर उजेड-अंधार कळण्यापुरता ठिपका असावा. तेव्हापासून डोळे शंभर तऱ्हेचे झाले, हुकूम देणारा बदलला न्हाई. शास्त्रज्ञांनी उंदराचं ते जनुक माशीत घातलं, तर माशीच्या पायावर डोळा उगवला. आणि उंदराचा न्हाई हो, माशीचाच! हे ऐकून मी कितीतरी वेळ दाण्याची शेंग हातात धरून बसले होते.

तर, मुलाला मी गोठ्यात बोलावलं. "सुपारी आज थांबव."

"काहून?" त्यानं कोकरू बघितलं आणि त्याच्यावर पोतं टाकलं. "पाहुण्यांना दिसू देऊ नको, माय. अपशकुन म्हणतील."

बाहेरून जावयाचा आवाज, "सासूबाई, आमाला पाणी आता मेंढरंच आणून देणार का?" सगळे हसले.

मी पोतं काढलं, कोकरू पदरात घेतलं आणि ओट्यावर गेले. हसणं थांबलं. जे मनात होतं ते एका दमात बोलून टाकलं. हा मेंढा, हे कोकरू, माझा दीर, आणि ही दोन लेकरं.

लेकीचा चेहरा लाल झाला. "आमी काय मेंढरं हाव व्हय?"

"डोळ्याच्या बाबतीत लई फरक न्हाई बाई," असं म्हणून मी माशीचं सांगितलं.

"मग माशीबराबरच सोयरीक जुळव आमची!"

जावई शांत माणूस. म्हणाले, "तुमचंही आत्याच्याच घरी झालं ना? तुमची लेकरं तर धडधाकट हाईत."

"हाईत. दिराचे डोळे कुठं गेले ते सांगा."

चुलीपाशी सुनेचा झारा थांबलेला मला कळला. मी म्हणाले, "मी डॉक्टर न्हाई, माझं चुकत असंल. दोघांना नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात दाखवू. तिथं काही न्हाई म्हणाले तर सुपारी मी माझ्या हातानं फोडते."

"माझ्या लेकाचं रक्त तपासायचं? गावभर बोभाटा करायचा?" लेक उसळली.

तिचा मुलगा खाली बघत म्हणाला, "आई, तपासू की."

"तू गप बस."

ती उठली. पुरणपोळीचं ताट तसंच राहिलं, जीप गेली. माझा मुलगा माझ्याकडं न बघता मेंढरं घेऊन निघून गेला, आणि सून भांडी आदळत राहिली. नात मागच्या दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. एवढंच म्हणाली, "आजी, तो मला आवडतो गं."

लेकीचा फोन अजून आलेला न्हाई. पण चार रोजांनी तिच्या मुलाचा आला, नातीला. तो म्हणाला, आई येणार न्हाई, आपण दोघं जाऊन दाखवून येऊ. नातीनं मला विचारलं, "आजी, तू येशील का संगं?"

येते म्हणाले. उद्या सकाळची बस आहे. दवाखान्यात त्यांनी दोष आहे म्हणून सांगितलं तर ही दोन लेकरं तुटतात, न्हाई म्हणून सांगितलं तर माझी लेक मला जन्मभर माफ करत न्हाई. तरी त्यांनी न्हाईच म्हणावं, असं मी मघापासून घोकत बसले आहे.