आईच्या जास्वंदीच्या सहा काड्या

१. यंदा, १९५७च्या आषाढात, रोहण्याला गेले.
२. आईच्या जास्वंदीच्या सहा काड्या कापून आणल्या.
३. सहाही मेल्या.

नागपूरहून पहाटेच्या गाडीने पुलगाव, तिथून आर्वीची छोटी गाडी. शिदोरी बरोबर घ्या. स्टेशनवरची भजी चांगली असतात, पण छोटी गाडी कधी सुटेल त्याचा नेम नाही. चढणीवर एक गृहस्थ चालत्या गाडीतून खाली उतरले, बिडी पेटवून पुन्हा चढले. कुणी वळूनही पाहिलं नाही.

वडील रोहण्याला शिक्षक होते. भाड्याच्या घरात विहिरीजवळ आईने जास्वंद लावली होती, एकेरी, लाल. ती फुलं तिळाच्या तेलात मंद आचेवर, रंग उतरेपर्यंत उकळायची. शाळेत माझ्या वेण्यांना त्याच तेलाचा वास असे. आई जाऊन चार वर्षं झाली. घरमालक कापसाचे व्यापारी. त्यांना तिथे गोठा बांधायचा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाड निघणार.

काड्या न्यायला त्यांनी हरकत घेतली नाही. शेजारच्या शेवंताबाईंनी चहा दिला. त्या तेल करायला आईकडूनच शिकल्या. जास्वंदीची पानं वाटून अजून केस धुतात. मी पेन्सिलीएवढ्या जाड काड्या, पान फुटतं त्या डोळ्याखाली, तिरप्या कापल्या, खालची पानं काढली. ओल्या गोणपाटात गुंडाळताना त्यांनी माझा हात धरला.

“कळ्या खुड ना वं. काडी फूल पोसंन का मूळ?”

मी मातीच्या प्रयोगशाळेत काम करते. हे मला ठाऊक आहे, असं सांगितलं.

“मंग काऊन ठेवल्या?”

मी गोणपाट बांधत राहिले. त्यांनी झाडाची एक खालची फांदी न तोडता वाकवली, साल थोडी खरवडली, मातीत दाबून वर दगड ठेवला.

“तुह्या नाई लागल्या तं ही राहीन. मंग येजो.”

नागपुरात तिसऱ्या दिवशी खिडकीत लावलेल्या काड्यांवरची एक कळी उमलली. रोहण्याच्या झाडावरच्या फुलांपेक्षा लहान असावी. मोजली नाही. दहाव्या दिवशी सहाही काड्या बुडापासून काळ्या होत्या.

शेवंताबाईंना लिहिता येत नाही. मला आता एकदाच रजा मिळेल, तीही बिनपगारी. छोट्या गाडीने रोहण्याला जाणाऱ्या वाचकाने त्यांना एवढंच विचारावं, दगडाखालच्या फांदीला मुळं फुटली का. फुटली असोत वा नसोत, पोळ्याच्या आठ दिवस आधीपर्यंत या मासिकाच्या पत्त्यावर मला कार्डाने कळवावं.